नववीच्या वर्गात म्हातारपणाचा तास: साहित्य, कृती आणि हमखास होणाऱ्या चुका

१ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, बहुतेक शाळांत आजी-आजोबांना गुलाबाचं फूल दिलं जातं, दोन भाषणं होतात आणि चहा-बिस्किटांवर कार्यक्रम संपतो. मुलांना त्यातून आदर ठेवायला हवा एवढं कळतं. आजी जिन्यात मध्येच का थांबते, आजोबा टीव्हीचा आवाज एवढा मोठा का करतात, हे मात्र कळत नाही.

अलीकडे काही ठिकाणी याच्या अगदी उलट प्रकार चालतो. मुलांच्या डोळ्यांवर धूसर गॉगल चढवतात, गुडघे बांधतात, कानात बोळे घालतात आणि वर्गात फिरायला लावतात. दहा मिनिटं हसण्यात जातात आणि शेवटी प्रत्येकाचं मत एकच, ‘बापरे, आपल्याला नको हे म्हातारपण!’ तास फसला असं समजायचं. कारण सत्तरीतला माणूस त्या अवस्थेला तीस वर्षांत, पायरीपायरीने पोचलेला असतो आणि वाटेत त्याने शंभर युक्त्या शोधलेल्या असतात. मुलाला ती अवस्था एका मिनिटात मिळते, युक्त्या मात्र एकही मिळत नाही. म्हणून या लेखातला मुख्य नियम असा: प्रत्येक अडचणीचं काम दोनदा करायचं, एकदा अडचणीसह आणि लगेच दुसऱ्यांदा त्याच अडचणीवरच्या उपायासह. दोन्ही वेळा घड्याळ लावायचं. वहीत उतरवायचा तो या दोन वेळांमधला फरक.

मोटार बनवणाऱ्या फोर्ड कंपनीने १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या मदतीने ‘थर्ड एज सूट’ नावाचा पोशाख करून घेतला होता. तरुण अभियंत्यांनी तो घालून गाडीत बसायचं आणि दरवाजा, सीट, बटणं कुठे अडतात ते शोधायचं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या एजलॅब या प्रयोगशाळेने ‘अ‍ॅग्नेस’ नावाचा असाच पोशाख तयार केला. दोन्ही ठिकाणी हेतू एकच होता: वस्तू सुधारणं. वर्गातही मुलांना तीच भूमिका द्या. ‘तुम्ही आज म्हातारे झालात’ असं म्हणू नका, ‘तुम्ही आज वस्तू आणि जागा तपासणारे आहात’ असं म्हणा. एवढ्या बदलानेही कंबर वाकवून थरथरत चालण्याची नक्कल बरीच कमी होते.

वेळ आणि माणसं

३० मुलांसाठी दोन तासिका जोडून ९० मिनिटं घ्या. सुरुवातीला १५ मिनिटं, मग पाच ठिकाणी प्रत्येकी १२ मिनिटं आणि शेवटी १५ मिनिटं चर्चा. सहा-सहा मुलांचे पाच गट करा. गटात एक जण काम करणारा, एक त्याचा सोबती, एक वेळ घेणारा, एक नोंद करणारा आणि दोन निरीक्षक. प्रत्येक ठिकाणी भूमिका बदलायच्या. १२ मिनिटांत सगळ्या सहांना काम करता येत नाही, दोघांना किंवा तिघांनाच जमतं. म्हणून प्रत्येक मूल पाच ठिकाणांपैकी निदान दोन ठिकाणी ‘करणारा’ असेल असा तक्ता आधीच फळ्यावर लिहा. नाहीतर गटातलं बडबडं मूल पाचही वेळा पुढे येतं.

हा पहिला भाग. एका आठवड्याने एक तास ज्येष्ठांबरोबर आणि त्यानंतर घरी करायचं एक काम. तीनपैकी एकच करायला वेळ असेल, तर ज्येष्ठांबरोबरचा तास ठेवा आणि गॉगल-बँडेज सोडून द्या.

साहित्य

हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक सेफ्टी गॉगल सहा, पिवळ्या जिलेटीन कागदाचे दोन ताव, व्हॅसलीनची छोटी डबी, काळा चार्ट पेपर, फोमचे इअरप्लग (प्रत्येक मुलाला स्वतंत्र जोडी, एकमेकांचे वापरायचे नाहीत), सर्जिकल हातमोज्यांचा एक डबा, मायक्रोपोर टेप, १० सेंटिमीटर रुंदीची चार क्रेप बँडेज, अर्धा-अर्धा किलो वाळूच्या चार पिशव्या, भांडी घासायचे जाड स्पंज आणि ते आत मावतील अशा मोठ्या मापाच्या चपला, सुया, काळा दोरा, वापरून रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, च्युइंगमच्या पट्ट्या, रंगीत साखरगोळ्या, सुटी नाणी, मीटर टेप. खऱ्या गोळ्या वर्गात आणायच्या नाहीत, कुणी कितीही ‘सर, या नुसत्या व्हिटॅमिनच्या आहेत’ म्हटलं तरी.

फीट येणारी, नुकताच हाड मोडून बरं झालेलं, कानाचा त्रास असलेली मुलं आधीच विचारून बाजूला काढा आणि त्यांना वेळ घेण्याचं किंवा नोंदीचं काम द्या. जिन्यावर, गॅलरीत किंवा मैदानाच्या पायऱ्यांवर गॉगल लावून कुणालाही पाठवू नका. वर्गात जाड चष्मा किंवा कानाचं मशीन वापरणारं मूल असेल, तर त्याला आदल्या दिवशी एकटं गाठून विचारा, ‘तुला यातलं आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, सांगशील का?’ ते नाही म्हणालं, तर विषय तिथेच संपवा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, त्या मुलाशीही आधी बोलून घ्या.

पहिली १५ मिनिटं: म्हातारं कधी होतं?

फळ्यावर ० ते १०० अशी रेघ ओढा. ‘माणूस म्हातारा कधी होतो?’ या प्रश्नाला मुलांनी आपापल्या जागी खूण करायची. खुणा ४० पासून ८० पर्यंत पसरतात. मग त्याच रेघेवर खऱ्या गोष्टी मांडा. चाळिशीचा चष्मा: डोळ्यातलं भिंग कडक होऊन जवळचं दिसेनासं होतं, तेव्हा त्या माणसाला म्हातारं कुणी म्हणत नाही. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ६० पासून ज्येष्ठ मानतो. एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला सुरू होतं आणि ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत होतो. स्नायू तिशीनंतरच दर दशकात थोडे थोडे कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. म्हणजे या रेघेवर ‘इथून म्हातारपण’ असा उंबरठा कुठेच सापडत नाही. २०११ साली जन्मलेलं मूल २०७१ साली साठ वर्षांचं होईल, हेही त्याच रेघेवर लिहा. वर्ग एकदम शांत होतो.

रेघ पुसायच्या आधी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर ‘मी ७५ वर्षांचा/ची असेन तेव्हा…’ ने सुरू होणारी पाच वाक्यं लिहायची. नाव घालायचं नाही, एक खूण काढायची. चिठ्ठ्या जपून ठेवा.

ठिकाण १: डोळे

एका गॉगलच्या बाहेरच्या बाजूला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. हा मोतीबिंदू. आतून लावलं, तर ते पापण्यांना लागतं आणि पुढची दहा मिनिटं चेहरा पुसण्यात जातात. दुसऱ्यावर पिवळा जिलेटीन कागद दोन थरांत चिकटवा, कारण वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. तिसऱ्यावर काळा कागद लावून प्रत्येक डोळ्यासमोर १ सेंटिमीटरचं भोक ठेवा. काचबिंदू बळावला की कडेचं दिसणं असं जातं. मुलांना हे स्पष्ट सांगा की काचबिंदू हा आजार आहे, तो सगळ्यांना होत नाही. पिवळटपणा आणि कमी उजेड मात्र जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला येतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग दाट झालेलं असतं.

कामं तीन: रिकाम्या पट्टीवरची एक्सपायरीची तारीख वाचणं, सुईत दोरा ओवणं, गडद निळे आणि काळे मोजे वेगळे करणं. पिवळ्या कागदातून निळा आणि काळा एकच दिसतात, पांढरी आणि फिकट पिवळी साखरगोळीही. ‘पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री’ ही सूचना का फसते, ते इथे समजतं.

आता तीच कामं उपायासह. पट्टीवर वरून ट्यूबलाइट असतानाही मागच्या बाजूने टेबल लॅम्प आणून पाहा. सुईच्या मागे पांढरा कागद धरून काळा दोरा ओवा. पट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘रात्र’ लिहा. एरवी ४० सेकंद घेणारं काम १५ वर येऊ शकतं. नाही आलं, तर लॅम्प डोळ्यांवर येतो आहे का ते बघा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला उजेड जास्त हवा असतो आणि चकाकी अजिबात चालत नाही, आणि ही गोष्ट मोठी माणसंसुद्धा चुकवतात.

ठिकाण २: कान

इअरप्लग घातले की सगळेच आवाज कमी होतात. वयोमानाने येणारं बहिरेपण तसं नसतं. त्यात आधी वरच्या पट्टीतले सूर जातात, खालचे राहतात. म्हणून आजोबांना कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ हा घराघरातला आरोप इथूनच येतो. स, श, फ, थ, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या पट्टीत. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी निसटतात तेही म्हणूनच.

हे दाखवायचं तर ध्वनिफीत तयार करावी लागते. कुणाही विद्यार्थ्याला शब्द वाचायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करा: साठ, पाठ, काठ, ताठ, सात, हात, खात, पात, फळ, तळ, कळ. मग ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून २००० हर्ट्झच्या वरचे सूर कापणारा लो-पास फिल्टर लावा आणि वर्गात आवाज मोठा करून ऐकवा. आवाज कितीही वाढवला, तरी ‘साठ’ की ‘पाठ’ ते ठरत नाही. ओरडून बोलण्याचा उपयोग का होत नाही, याचा याहून सोपा पुरावा नाही.

नंतर इअरप्लग घालून जोडीने बोलायचं. पहिल्यांदा बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसायचं आणि मागे मोबाइलवर गाणं लावायचं. दुसऱ्यांदा गाणं बंद, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड, समोरासमोर एक मीटरवर, नेहमीच्याच आवाजात पण जरा सावकाश. शब्द कळला नाही, तर तोच पुन्हा न म्हणता वाक्य बदलायचं: ‘सातला ये’ ऐवजी ‘संध्याकाळी, दिवेलागणीला, सात वाजता ये’. आधी विषय सांगायचा (‘आजी, बसबद्दल बोलतोय’), मग मुद्दा. ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य या ठिकाणी बंदी घालण्यासारखं आहे. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्प होतो, तो बहुतेक याच वाक्यामुळे.

हेडफोनची गोष्टही इथेच काढा, पण उपदेश न करता. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा बांधता येते, ती मुलांनी तिथल्या तिथे शोधून काढायची.

ठिकाण ३: हात

दोन हातमोजे एकावर एक घाला आणि करंगळी-अनामिका मधल्या पेराशी टेपने एकत्र बांधा. टेप मोज्यावरून लावा, कातडीला नको. कामं: च्युइंगम पट्टीतून काढणं, शर्टाची तीन बटणं लावणं, एक आणि दोन रुपयांची दहा नाणी न बघता वेगळी करणं, मोबाइलवर सहा आकडी पासवर्ड टाकणं. उपाय: बटण सेफ्टी पिनने ओढून घ्यायची युक्ती, नाण्यांसाठी दोन कप्प्यांचं पाकीट, पेनाच्या मुठीवर रबर किंवा कापड गुंडाळून ती जाड करणं, झाकण उघडायला ओला रबरी तुकडा. इथे फार रेंगाळायची गरज नाही, मुलांना हे ठिकाण सगळ्यात लवकर कळतं.

ठिकाण ४: गुडघे आणि तोल

पॅंटवरून गुडघ्यामागे वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून वरून क्रेप बँडेज गुंडाळा. बँडेजखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत आणि दहा मिनिटांत ते सोडायचं. घोट्यांना अर्ध्या किलोच्या पिशव्या, पायात स्पंज घातलेल्या चपला. काही शाळा चपलेत हरभरे टाकतात. त्याने दुखतं, पण मुद्दा चुकतो. तळव्याची जाणीव बोथट झाल्यावर तोल का जातो, ते स्पंजाने कळतं.

सोबत्याने कायम हाताच्या अंतरावर, अडचणीच्या पायाच्या बाजूला राहायचं. आधी ३० सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावरून उठायचं, मग ४५ सेंटिमीटरच्या खुर्चीवरून, मग हात असलेल्या खुर्चीवरून. तिन्ही वेळा नोंदवा. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि उठणं फक्त सतरंजीवर. मग ‘उठा आणि चाला’: खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हीच चाचणी वापरतात. ज्येष्ठ माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. मुलांनी घरी कुणावर ही चाचणी करून निदान सांगत सुटू नये, हे मात्र बजावा.

काठी देऊन पुन्हा चालायला लावा. माणूस ताठ उभा राहून हात सरळ सोडतो तेव्हा काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. जवळजवळ प्रत्येक मूल ती त्याच बाजूला धरतं, आणि घरोघरचे आजोबाही. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली, काठी त्याच्याबरोबर. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की काठी घसरते. मेडिकलमध्ये नुसतं रबरही मिळतं.

मैदानावर खडूने १२ मीटर अंतराच्या दोन रेघा ओढा. हा रस्ता. सिग्नलची वेळ ठरवताना पायी चालणाऱ्याचा वेग बऱ्याचदा सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे हा रस्ता ओलांडायला १० सेकंद. गुडघे दुखणारी बाई सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर तिला १५ सेकंद लागतात. दहाव्या सेकंदाला ती नेमकी कुठे असेल, तिथे एका मुलाला उभं करा. आठव्या मीटरवर, अजून चार मीटर शिल्लक, आणि सिग्नल सुटलेला. गणिताच्या शिक्षकांना हे ठिकाण द्यायला हरकत नाही.

ठिकाण ५: घाई

साहित्याच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त आणि परिणामाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं. एका मुलाने डाव्या हाताने (डावखुऱ्याने उजव्या) बँकेची पैसे भरायची स्लिप भरायची. मध्येच सोबती सहा आकड्यांचा ओटीपी एकदाच आणि भरभर सांगतो. मागे रांगेत उभी असलेली तिघं म्हणतात, ‘काका, लवकर करा’, ‘अहो, तिकडे नाही, इथे’, ‘द्या, मी भरतो’. दुसऱ्या फेरीत काहीच बदलायचं नाही, फक्त रांग गप्प राहते आणि ओटीपी दोन-दोन आकड्यांत सांगितला जातो. चुकांची संख्या मोजा. हात तोच, कागद तोच. चुका कमी होतात.

वयानुसार नवी माहिती पचवायचा वेग कमी होतो, शब्दसंपत्ती आणि अनुभवाचं ज्ञान बराच काळ टिकतं किंवा वाढतं. म्हणजे वेळ दिला, तर बहुतेक कामं जमतात. पॅट्रिशिया मूर ही अमेरिकेतली वस्तुरचनाकार १९७९ ते १९८२ या काळात अनेक शहरांत म्हातारीचं सोंग घेऊन फिरली. सुरुवात केली तेव्हा ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. वेश बदलला की दुकानदारांपासून सगळ्यांचं वागणं कसं बदलतं, हे तिने जवळून पाहिलं. रांगेतल्या तिघांनाही शेवटी विचारा की आपण असं का बोललो. उत्तर बहुधा ‘सगळे बोलतात म्हणून’ असंच येतं. त्यावर टीका न करता पुढे जा.

शेवटची १५ मिनिटं

पहिला प्रश्न ‘कसं वाटलं?’ हा विचारू नका. त्याने दयेचं पाणी वाहायला लागतं. विचारा: ‘कोणत्या उपायाने सगळ्यात जास्त सेकंद वाचले? तो उपाय तुमच्या घरात आहे का? नसेल तर का?’

विसरण्याबद्दल मुलं हमखास विचारतात. फरक थोडक्यात सांगा. नाव उशिरा आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं हे वयाचं. ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणं, पाच मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, स्वभाव पालटणं यासाठी डॉक्टरांना भेटायचं. आणि चांगला बोलता-चालता माणूस एक-दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागला, तर ते म्हातारपण समजून थांबायचं नाही. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन औषध अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

ज्येष्ठांबरोबरचा तास

महाराष्ट्रात बहुतेक गावांत आणि शहरांतल्या पेठांत ज्येष्ठ नागरिक संघ आहे. तिथून तिघांना बोलवा आणि वयात अंतर ठेवा: एक साठीच्या आसपास, एक सत्तरीत, एक ऐंशी ओलांडलेले. तिघंही निवृत्त शिक्षक नकोत. एखादी भाजी विकणारी बाई, एखादे शेतकरी असू द्या. वर्ग तळमजल्यावर, खुर्च्या हाताच्या, संडास जवळ आणि उघडा, वेळ सकाळी साडेदहाच्या पुढे. पंखा आणि बाहेरच्या मैदानावरचा खेळ या दोन गोष्टींमुळे अर्धं बोलणं ऐकू जात नाही, म्हणून माइक हवाच.

मुलांनी प्रश्न आधी लिहून आणायचे. ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ हा प्रश्न बाद. त्याऐवजी: ‘ही गोष्ट तुम्ही पूर्वी कशी करायचात आणि आता कशी करता?’ या एका प्रश्नावर तास निघतो. स्वयंपाक उभ्याने करायच्या त्या आता भाजी बसून निवडतात आणि फोडणीपुरत्या उठतात. शेतावर दोन फेऱ्या मारायचे ते आता एकच मारतात, पण ऊन चढायच्या आत.

पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने या युक्त्यांचे तीन प्रकार सांगितले: निवड, सराव आणि भरपाई. त्यांचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं. ऐंशीच्या घरातही इतकं चांगलं कसं वाजवता, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की तो आता मोजक्याच रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि जलद भागाच्या आधी वेग मुद्दाम कमी करतो, म्हणजे पुढचा भाग जलद वाटतो. मुलांनी ज्येष्ठांचं प्रत्येक उत्तर या तीन रकान्यांत टाकायचं. चौथा रकाना ‘सोडून दिलं’ असा ठेवा आणि त्यापुढे ‘स्वतः ठरवून की घरच्यांनी सांगून?’ असं लिहायला लावा.

घरी करायचं काम

मीटर टेप आणि वही घेऊन घरातल्या (नसल्यास शेजारच्या) ज्येष्ठ माणसाबरोबर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालायचं. बरोबर म्हणजे त्यांना घेऊन, त्यांच्या पाठीमागे नाही. नोंदायच्या गोष्टी: पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतात का, वाटेत सुटी सतरंजी, वायर, पायपुसणं, रात्री दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागतं का, उंबरठ्याचा रंग फरशीपेक्षा वेगळा दिसतो का, न्हाणीघराच्या दाराची कडी गरज पडल्यास बाहेरून उघडता येते का, आत धरायला काय आहे.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत ‘टॉवेलची दांडी’ असं येतं. ती माणसाचं वजन घेण्यासाठी नसते, झटका बसला की स्क्रूसकट निघून येते. धरायची दांडी वेगळी मिळते: जाडी साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर, जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर, विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्टने. नुसत्या टाइलवर सक्शनने चिकटणारी घेऊ नका. पांढऱ्या टाइलवर पांढरं प्लास्टिकचं स्टूल नीट दिसत नाही, रंगीत घ्या.

बदल एकच करायचा आणि विचारून. ‘आजी, तू रात्री उठतेस तेव्हा इथे अंधार असतो ना? इथे एक छोटा दिवा लावू का, की तुला झोपताना त्रास होईल?’ अशी भाषा. ‘तू आता एकटी जात जाऊ नकोस’ असं म्हटलं, की आजी ऐकते आणि मग चालणंच कमी करते. चालणं कमी झालं की स्नायू घटतात आणि पडायची शक्यता वाढते. मुलांचा उत्साह इथेच घात करतो: विळी काढून घेतात, पाणी भरू देत नाहीत. हातातलं काम काढून घेण्याआधी ते बसून, उजेडात किंवा दोन खेपांत होतं का, ते बघायचं. आणि आजी ‘नको’ म्हणाली, तर बदल करायचा नाही. वहीत ‘नकार’ लिहायचं आणि त्याचं कारणही. त्या नोंदीला तेवढेच गुण द्या.

मोबाइलची मदत

मुलांना ज्यात खरोखर गती आहे, ते हे. नियम: फोन आजोबांच्याच हातात राहील. आपण त्यांच्या शेजारी, समोर नाही. एका बैठकीत एकच गोष्ट, ती त्यांनी तीनदा स्वतः करायची आणि पायऱ्या त्यांच्या हस्ताक्षरात वहीत लिहायच्या. आधी अक्षर मोठं करा आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ ३० सेकंदांवरून दोन मिनिटांवर न्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन, हे तीन मुद्दे त्याच वहीत पहिल्या पानावर.

सरकारी पेन्शनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनधारकांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि मशीनवर ‘अंगठा उमटत नाही’. जीवन प्रमाण या ऑनलाइन हयातीच्या दाखल्याच्या सेवेत चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. ती करताना पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढायचा, आणि फोन मुलाने हातात न धरता टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवायचा, म्हणजे हलत नाही.

काय बदललं, ते कसं बघायचं

महिन्याने ‘मी ७५ वर्षांचा/ची असेन तेव्हा…’ ही पाच वाक्यं पुन्हा लिहून घ्या आणि खुणा जुळवून जुन्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवा. पहिल्या चिठ्ठ्यांत एकतर खाट, दवाखाना, एकटेपणा असतो किंवा जगभ्रमंती. दुसऱ्यांत क्रियापदं बघा: ‘होईल’, ‘लागेल’ यांच्या जागी ‘मी असं करीन’ आलं आहे का. एखाद्याने ‘कमोडशेजारी दांडी बसवीन’ असं लिहिलं, तर तास सार्थकी लागला. भीती वाढलेली दिसली, तर गॉगलचा भाग जास्त झाला आणि ज्येष्ठांचा तास कमी पडला, असं समजून पुढच्या वर्षी वेळ उलटी वाटा.

हे मोजण्याला अर्थ आहे. २००२ साली बेक्का लेव्ही या अमेरिकी संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ओहायोमधल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांच्या नोंदी तपासल्या. स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल चांगलं मत असलेले लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगलेले आढळले. मत बनायला सुरुवात मात्र पन्नाशीत होत नाही.

वर्गात किंवा घरभेटीत एखाद्या ज्येष्ठाला मारहाण, उपासमार किंवा घराबाहेर काढण्याचा प्रकार मुलाने सांगितला, तर तो वर्गात चर्चेला घेऊ नका. मुलाला बाजूला घेऊन ऐका, त्या घरात परत एकटं पाठवू नका, मुख्याध्यापकांना सांगा आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. हा क्रमांक तासाच्या आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.